डब्यात राहिलेलं सहावं रीळ

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. भिलाईच्या सुपेला भागात एका भंगाराच्या दुकानात फळीवर पडून आहे. माझ्या भिंगावर कोळ्यानं जाळं केलंय. करू दे बापडा! माझं दुःख वेगळंच आहे, आणि ते आज सांगूनच टाकतो.

माझा जन्म कलकत्त्याचा. एकोणीसशे साठ साली पेंढ्यात गुंडाळून मला भिलाईला आणलं. तेव्हा तिथे पोलादाचा कारखाना उभा राहत होता. कामगारांच्या सेक्टरमधली घरं नवी कोरी होती आणि झाडं माझ्या टेबलाएवढीही नव्हती. दर शनिवारी संध्याकाळी मैदानात पांढरा पडदा लागे. पुरुष पडद्यापुढे बसत, बायका मागे. मागून सगळं उलटं दिसे, त्यामुळे बायकांच्या सिनेमात सगळेच डावखुरे! पण हसणं तिकडूनच जास्त यायचं. मला चालवणारा तेजराम भंडाऱ्याकडचा. रोज माझं भिंग मलमलीनं पुसायचा. काय रुबाब होता माझा!

एकदा मरणाचा एक सिनेमा आला. त्यात नवरा दुखण्यानं जातो आणि बायको एकटी उरते. सहा रिळं होती. प्रत्येक सिनेमा तो दाखवणाऱ्या आमच्या मंडळाचे अध्यक्ष मारोतराव आधी पाहून घेत. तेजरामला गावाहून आणून कामाला त्यांनीच लावलं होतं. शेवटच्या रिळात ती बाई रंगीत लुगडं नेसून गिरणीत कामाला जाते आणि मैत्रिणींसोबत खळखळून हसते. ते पाहून मारोतराव उठलेच.

"तेजराम, हे रीळ लावू नको. आपल्या बायाइच्या डोक्यात भलतंच भरन."

"पण काकाजी, सिनेमा अर्धवट राहीन ना."

"कोणाले समजते? बाई कोपऱ्यात बसली, खतम!"

तेजरामनं ते रीळ डब्यात घातलं आणि डबा माझ्या टेबलाखाली सरकवला.

शनिवारी शकुबाई माझ्या टेबलाशी येऊन बसली. तिचा नवरा सहा महिन्यांपूर्वी काविळीनं गेला होता. पडद्यामागं बायका तिला पाहून सरकून बसत, म्हणून ती इकडे. शेजारची नलू तेवढी तिच्यासोबत होती. शकुबाईला एका कॅन्टीनमध्ये काम मिळत होतं, पण दीर तिला गावी न्यायला आला होता. सकाळी त्याला काय ते सांगायचं होतं.

चौथं रीळ संपलं तेव्हा नलूनं विचारलं, "मंग, काय ठरवलं तू?"

"थांब वं. ह्या बाईचं काय होते ते पाहू दे. मंग सांगतो."

आणि तिचं काय होतं ते तर डब्यातच राहणार होतं! पाचवं रीळ फिरलं. बाई अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली, आणि तेजरामनं मला बंद केलं. मारोतराव ओरडले, "सिनेमा खतम! चला घरी!" शकुबाई पदर सारखा करत उठली. "असंच असते तं," एवढंच म्हणाली. सकाळी ती दिरामागोमाग गाडीत बसून गेली.

तेजरामला ते संध्याकाळी कळलं. त्यानं मला घरी नेऊन भिंतीवर सहावं रीळ लावलं. नलू दारातून पाहत होती. भिंतीवरची बाई हसली, तशी ती रडायला लागली. "भाऊ, हे काल कावून नाही दाखवलं?"  पुढे नलूनं गावी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही.

तो सिनेमा मरणाचा होताच कुठे? मागं उरलेल्या माणसानं कसं जगायचं, याचा होता तो. मारोतरावांना हे सगळ्यांच्या आधी कळलं, म्हणून तर ते भ्याले. आणि मी? एरवी दहादा बिघडायचो. त्या दिवशी मात्र शहाण्यासारखा चाललो आणि शहाण्यासारखा बंद झालो. याची मला अजून लाज वाटते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसली तरी चालेल. पण कोणी 'खतम, चला घरी' म्हणालं, की लगेच उठू नका. डबा उघडून बघा. त्या संध्याकाळी सहावं रीळ शकुबाईच्या पायाशीच होतं.