संबंधित मावशी

उद्योगजगताचा इतिहास लिहिणाऱ्यांना पुढेमागे दोन कालखंड मानावेच लागतील: अलिबागेत 'प्रज्ञा ओव्हाळ अँड असोसिएट्स: लेखापरीक्षण, सल्ला व अनुपालन' ही पाटी लागण्यापूर्वीचा आणि लागल्यानंतरचा. दुसरा कालखंड सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. पाटी खानावळीच्या जिन्यात होती आणि तिच्यावर वर जाणारा बाण असल्यामुळे लोक वर येऊन आज भाजी कसली, असं विचारत. असोसिएट्स म्हणून एक टेबलफॅन होता. प्रज्ञा कुणाला सल्ला देऊ लागली की तो सावकाश नकारार्थी मान हलवायचा.

या संस्थेची एकुलती एक मोठी अशील म्हणजे रेवदंड्याची 'खाडीमाय सुकी मासळी कंपनी'. कोळीवाड्यातल्या बायका बोटीवरून मासळी घ्यायच्या, जाळीखाली सुकवायच्या आणि पाकिटं भरायच्या. अध्यक्ष धोंडूबाई. त्यांना वय विचारलं की "लिही तुला पायजे तेवढं" म्हणायच्या.

आता मुंबईची एक बडी दुकानमालिका खाडीमायची पाकिटं शंभरेक दुकानांत मांडायला तयार झाली होती. मात्र आधी त्यांचा ऑडिटर येणार, सगळं तपासणार आणि त्याचा अहवाल स्वच्छ आला तरच ऑर्डर. नाहीतर धोंडूबाई पुन्हा बाजारात ताडपत्रीवर. सगळ्या अटी जमल्या होत्या, एकीनं मात्र घाम फोडला होता: ज्याच्याकडून माल घ्यायचा, त्याच्याशी दर ठरवणाऱ्याचं नातं नसावं. ही अट लिहिणारा माणूस कोळीवाड्यात कधी आला नसावा.

प्रज्ञानं तोड काढली. रोह्याकडच्या भातशेतीवाल्या घरातली नूतन, नवरा शाळेत मास्तर म्हणून बदलून आलेला. तिला खरेदी अधिकारी नेमलं. बोंबील कुठल्या बाजूनं धरायचा हेही तिला तेव्हा माहीत नव्हतं. कोळीवाड्यात एकाशीही नातं नसणं ही तिची मुख्य पात्रता. बोंबील ती शिकली. झकास शिकली.

ऑडिटर हर्षद मुंबईहून रो-रो बोटीनं मांडव्याला उतरून सकाळीच रेवदंड्याला आला. मासळीच्या शेडच्या दारात त्याला सोनलनं अडवलं. सोनल धोंडूबाईंची पुतणी, स्वच्छतेवर देखरेख तिची.

"टोपी घाला. केस झाका."

"मी ऑडिटर आहे."

"मग? ऑडिटरचे केस गळत न्हायत?"

त्यानं टोपी घातली. ती सरळ नव्हती म्हणून सोनलनं ओढून सरळ केली. मग तो निमूट आत गेला.

जाळ्या पाहिल्या, वजनकाटे पाहिले, पाण्याचा तपासणी अहवाल पाहिला. "मावशी, जाळ्या कधी बदलता? मावशी, मीठ कुठलं?" धोंडूबाई उत्तरं देत होत्या आणि मध्येच स्वतःचा प्रश्न सरकवत होत्या.

"आईचं गाव कंचं रं तुज्या?"

"वरसोली."

"वरसोलीत कोनाची ती?"

प्रज्ञाला एकदम खोकला आला. तिनं धोंडूबाईंना बाजूला घेतलं. "आज नाती शोधायची नाहीत. निघालं एखादं तर ऑर्डर गेली."

"मी कुठं शोदतंय, बाय? ती आपसूक निगतात."

दुपारपर्यंत हर्षदच्या लॅपटॉपवर सगळीकडे हिरव्या खुणा उमटल्या. तेवढ्यात बोटमालक बुधाजी टोपल्या घेऊन दारात उभा राहिला.

"ए सूनबाई, बोंबील घे!"

नूतननं एक बोंबील उचलला, दाबला. "मामा, बर्फात कंजुषी केलीत. माल नरम पडलाय. दर उतरणार."

"वयनी, सांगा काय तरी हिला!"

"भावोजी," धोंडूबाई म्हणाल्या, "ती सांगल तो दर."

हर्षदची बोटं थबकली. खरेदी अधिकारी बोटमालकाची सून. बोटमालक अध्यक्षांचा दीर. लॅपटॉपवर पहिली लाल खूण उमटली: गंभीर त्रुटी.

"अरं, मी तिचा कोन न्हाय!" बुधाजी ओरडला.

"मग सूनबाई का म्हणालात?"

"मग काय, 'ओ खरेदी अधिकारी, हिकडं बगा' म्हनू? मासळी कुजल तवर."

प्रज्ञा म्हणाली, "नूतन बाहेरची आहे. आत्ताच तिनं तुमच्यासमोर दर उतरवला."

"मॅडम, घरच्या लोकांतही भांडणं होतात. आमच्या पद्धतीत लोक एकमेकांना काय हाक मारतात, हा प्राथमिक पुरावा असतो. मी जे ऐकलं ते लिहिलं."

 पाकिटं भरणाऱ्या बायकांचे हात थांबले. धोंडूबाई खुर्चीवर बसल्या. ताडपत्री कुठे ठेवली होती ते आठवत असाव्यात. हर्षदलाही वाईट वाटत असावं, कारण त्याच्या घशाला कोरड पडली.

"मावशी, जरा पाणी देता?"

प्रज्ञा ताडकन उठली. "काय म्हणालात?"

"पाणी."

"त्याच्या आधी."

हर्षदनं आठवून पाहिलं. "मावशी."

"तुमची आई वरसोलीची. आमच्या अध्यक्षांना तुम्ही सकाळपासून मावशी म्हणताय. हाक हा प्राथमिक पुरावा. म्हणजे जिचं ऑडिट करायला आलात, त्या कंपनीच्या अध्यक्ष तुमच्या आईची बहीण. हे नातं तुम्ही आधी जाहीर का नाही केलंत? तुमचा अहवालच बाद होतो, साहेब."

"अहो, काहीतरीच काय! मावशी तर सगळेच म्हणतात!"

बोलून झाल्यावर त्यानं स्वतःचं वाक्य ऐकलं.

"हेच," प्रज्ञा शांतपणे म्हणाली, "हेच लिहा."

हर्षद धोंडूबाईंनी आणलेलं पाणी प्यायला, रिकामा तांब्या खाली ठेवला आणि लाल खूण पुसली. नूतन आणि बुधाजी दोघांची कागदपत्रं पुन्हा पाहिली, रोह्याला फोन लावून खात्री केली, आणि शेरा टाईप केला: 'नातेसंबंध आढळले नाहीत. केवळ हाका आढळल्या.' मग सगळ्यांदेखत अहवाल मुंबईला धाडला.

शेडमध्ये जो कल्ला झाला तो खाडीपलीकडे कोर्लईला ऐकू गेला म्हणतात. बायकांनी प्रज्ञाला मध्ये घेऊन फेर धरला. तिच्या इस्त्रीच्या साडीला जवळ्याचा वास लागला तो आजही आहे. बुधाजी सगळ्यांपेक्षा जोरात नाचला आणि दमल्यावर त्यानं दराचं पुन्हा विचारून पाहिलं. नूतननं नकारार्थी मान हलवली.

हर्षद अलिबागच्या रिक्षात बसला. त्याला निरोप द्यायला अख्खा कोळीवाडा दारात. प्रज्ञाला डोळ्यांसमोर नवी पाटी दिसू लागली: मोठी अक्षरं, बाण नाही, आणि असोसिएट्समध्ये निदान एक माणूस.

धोंडूबाईंनी तिचा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बाय, वकिलाला बी भारी हायस तू. आता एक बारीक काम कर माजं."

"सांगा ना."

"त्याच्या आईचा नंबर तेवडा घेऊन दे. पोऱ्या टोपी घालूनच गेला बग. आमच्या सोनलसाटी इचारीन म्हन्ते."