उद्घाटनाआधी सुई नाही

सोफा हॉलात शिरला तेव्हाच मावशींच्या कपाळावर आठी चढली होती. तिघं ऐसपैस बसतील असा लालभडक सोफा. चार जणांनी तो तिरका करून दारातून आत घेतला आणि नेमका दाराजवळच्या खिडकीखाली नेऊन ठेवला. गेली अकरा वर्षं तिथं रक्त देऊन उठलेली माणसं बसायची.

"हा कुणासाठी?" मावशींनी विचारलं.

"प्रमुख पाहुण्यांसाठी," हॉल समितीचे नवे सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्या हातात यादी होती आणि गळ्यात ओळखपत्र होतं. ज्या हॉलात त्यांना सगळे ओळखत होते, तिथं ओळखपत्र!

"मग रक्त देऊन उठलेल्यांनी कुठं बसायचं?"

"मागच्या खोलीत. कूपन दाखवलं की तिथंच चहा मिळेल. तो तुम्ही बघा, मावशी. यंदा सगळं शिस्तीत करायचंय."

मावशी म्हणजे या सार्वजनिक हॉलची झाडलोट आणि कुलूप-किल्ली सांभाळणारी बाई. कागदावर एवढंच. पण दरवर्षीचं रक्तदान शिबिर मांडायच्या त्या. पहिल्या वर्षी खाटा दारासमोर होत्या. एक आडदांड गडी सुई बघूनच धाडकन पडला, आणि त्याच्या मागची माणसं "आलोच हं" म्हणून जी गेली ती गेलीच. त्या दिवशी मावशी शिकल्या. पुढच्या वर्षापासून खाटा आतल्या भिंतीला गेल्या आणि पुढे पडदा आला. थांबणाऱ्यांच्या खुर्च्या खाटांकडे पाठ करून लागल्या. रक्त देऊन उठलेले दाराजवळ चहा पीत बसायचे, म्हणजे आत येणाऱ्याला आधी तेच दिसायचे. दारात मावशी स्वतः उभ्या. "या, या. खाऊन आलात ना?" एवढं विचारून हातातली पिशवी काढून घ्यायच्या. एकदा पिशवी आत गेली की माणूस बाहेर जात नाही, हा त्यांचा अनुभव. गेल्या वर्षी एकसष्ट बाटल्या रक्त जमलं होतं. आता ते पिशव्यांत घेतात, पण मावशींच्या तोंडी बाटलीच बसलेली.

यंदा सेक्रेटरींनी व्यासपीठ घातलं, त्यावर फलक लावला आणि त्या फलकासाठी पडदा काढून टाकला. खाटा आल्या थेट रांगेच्या समोर. दारात मावशींच्या जागी एक टेबल आलं. टेबलामागचा मनुष्य मान वर न करता म्हणायचा, "फॉर्म भरा."

मावशींचा जीव या शिबिरात अडकला होता, त्याला कारण होतं. त्यांची नात नऊ वर्षांची. जन्मापासून तिला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. चढवलं की पहिले आठ दिवस पोर घरभर गरगर फिरते, म्हणून घरात तिचं नाव भिंगरी. मग तिचा वेग कमी होत जातो आणि शेवटी ती उशीला टेकून नुसती बघत बसते. तिचा रक्तगट दुर्मीळ. मागच्या खेपेला रक्तपेढीत त्या गटाची पिशवीच नव्हती, पाच दिवस थांबावं लागलं होतं. ते पाच दिवस मावशी विसरल्या नव्हत्या. आता परवा, मंगळवारी, पुन्हा रक्त चढवायचं होतं.

आणि त्या गटाचा एक माणूस कोपऱ्यावर सलून चालवत होता. दरवर्षी यायचा. आजही साडेआठला हजर. रविवार म्हणजे त्याच्या धंद्याचा दिवस, त्यामुळे रक्त देऊन दहाला दुकान उघडायचं असा त्याचा शिरस्ता.

"चला, आडवा होतो," तो बाही सरसावत म्हणाला.

"थांबा," सेक्रेटरी म्हणाले. "उद्घाटनाआधी सुई नाही."

पेढीच्या डॉक्टरीणबाईंनी घड्याळ दाखवलं. "अहो, खाऊन आलेल्यांना पुन्हा भूक लागेल अशानं. सुरू करू द्या की."

"पाहुणे निघालेत. पाचच मिनिटं."

ती पाच मिनिटं पावणेअकरापर्यंत चालली. रांगेतली माणसं समोरच्या रिकाम्या खाटा, सुया आणि नळ्या बघत बसली. काहीच घडत नसताना सुईकडे बघत बसलं की भलाभला माणूससुद्धा कच खातो. कुणाला अचानक फोन आला, कुणाला दूध आणायचं आठवलं. सलूनवाल्यानं दहापर्यंत वाट पाहिली. मग मागच्या खोलीत डोकावून म्हणाला, "मावशी, गिऱ्हाईकं दारात उभी असतील. जातो मी." मावशी भरलेल्या किटलीपुढे हात बांधून बसल्या होत्या. चहा प्यायला कुणी येईना, कारण रक्तच कुणी दिलं नव्हतं. दिवसाढवळ्या आपल्या नातीची पिशवी चालत दाराबाहेर गेली आणि आपण कूपनं मोजायला बसलो, या विचारानं त्यांच्या अंगाची लाही लाही झाली.

पाहुणे आले. सोफ्यावर बसले. मग उठून, रक्तदान म्हणजे काय हे त्यांनी रक्त द्यायला आलेल्यांनाच चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. रांगेत आता नऊ जण उरले होते.

भाषण संपलं आणि सेक्रेटरी म्हणाले, "आता फोटो." पाहुणे पहिल्या खाटेवर आडवे झाले. बाही वर गेली. हातात दाबायचा चेंडू आला. "सुई नको हं," पाहुणे हसून म्हणाले, "मला पुढे दुसरा कार्यक्रम आहे." सेक्रेटरींनी पेढीच्या मुलीला सांगितलं, "नळी नुसती पट्टीनं चिकटवा."

मावशी किटली घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी ती जमिनीवर आदळली, चहा सांडेल याचा विचार न करता.

"काढा ती पट्टी!"

पेढीच्या मुलीनं नळीवरचा हात मागे घेतला.

"मावशी, तुम्ही आत जा," सेक्रेटरी दबक्या आवाजात म्हणाले.

"का जाऊ? साडेआठपासून माणसं ताटकळवलीत तुम्ही. ज्यांना द्यायचं होतं त्यांना झोपू दिलं नाहीत, आणि ज्यांना द्यायचं नाही त्यांना खाटेवर झोपवताय? साहेब, तुम्हाला सुई नको असेल तर राहू द्या, जबरदस्ती नाही कुणावर. पण उठा. ती खाट रक्त देणाऱ्याची आहे."

पाहुणे उठले. फोटो तेवढ्यात निघालाच होता. त्यांना दुसरा कार्यक्रम चांगलाच आठवला आणि ते गेले.

"हा हॉल काय तुमच्या मालकीचा आहे?" सेक्रेटरींचा चेहरा सोफ्याच्या रंगाचा झाला होता.

"मालकीचा नाही. पण झाडते मी. कुठली वस्तू कुठं अडते ते मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

डॉक्टरीणबाईंनी एक खाट धरली आणि भिंतीकडे ओढायला सुरुवात केली. मग रांगेतलेही उठले. फलक खाली आला, पडदा वर गेला. खुर्च्यांनी पाठ फिरवली. सोफा मात्र कुणी हलवला नाही. त्याची जागा बरोबरच होती, बसणारे तेवढे चुकले होते. पहिले दोघं रक्त देऊन उठले तसं मावशींनी त्यांना हाताला धरून त्या मखमलीवर बसवलं आणि पेले हातात दिले. रस्त्यावरून जाणारी एक मास्तरीण खिडकीतून बघून म्हणाली, "चाललंय का अजून?" मावशींनी खिडकीतूनच तिच्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतली. "चाललंय तर! खाऊन आलात ना?"

मग दार डॉक्टरीणबाईंच्या हवाली करून त्या तडक सलूनमध्ये गेल्या.

आत खुर्चीतल्यासकट पाच गिऱ्हाईकं ताटकळली होती, पण एकाचीही उठायची तयारी नव्हती. गप्पा रंगल्या होत्या, मालक प्रत्येकाला मधूनमधून "झालंच हं तुमचं" म्हणत होता. मावशींना वाटलं, सेक्रेटरींना इथं दोन दिवस शिकायला बसवायला हवं.

"आत्ता कसा येऊ, मावशी?" सलूनवाला म्हणाला. खुर्चीतल्याच्या अर्ध्या गालाला फेस होता. "ही माणसं बसलीत."

मावशी त्या माणसांकडे वळल्या. इथं मात्र त्यांनी हात जोडले. "माझ्या नातीला परवा रक्त चढवायचंय. यांच्या गटाचं लागतं. अर्धा-पाऊण तास थांबाल का हो?"

मग फेसवाल्यानं टॉवेलानं गाल पुसला. "इथं थांबून तरी काय करू? तिकडंच येतो. माझंही घेतील ना?"

एक म्हातारे गृहस्थ दुकान राखायला थांबले, बाकीचे चौघं निघाले. सलूनवाल्यासकट पाच जण हॉलात शिरले. त्यांतला एक अर्धी दाढी घेऊनच पडद्याआड गेला आणि त्याला बघून सोफ्यावरची माणसं इतकी हसली की बाहेरून आणखी दोघं आत आली.

संध्याकाळी एकोणतीस बाटल्या भरल्या. मावशींना कुणी शाबासकी दिली तर त्या उसळून म्हणायच्या, "एकोणतीस कसल्या? गेल्या वर्षीच्या बत्तीस कुठं गेल्या ते विचारा. त्याही कुणाच्या तरी भिंगरीच्या होत्या." सेक्रेटरींनी अहवालात लिहिलं, शिबिर पाहुण्यांच्या प्रेरणेनं यशस्वी.

मंगळवारी भिंगरीला रक्त चढलं. कुणाचं ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही, तसं सांगायचंही नसतं. पण त्या गटाची पिशवी पेढीत एकच होती, आणि ती रविवारची होती.

गुरुवारी भिंगरी आजीबरोबर हॉलात आली आणि गरगर फिरत सूचनाफलकापाशी थांबली. तिथं मोठा रंगीत फोटो लावला होता. पाहुणे खाटेवर, हातात चेंडू, दंडावर पट्टी, चेहऱ्यावर हसू. तिनं तो नीट न्याहाळला.

"आजी, मला यांचं रक्त दिलं का गं?"

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला.

"नाही गं बाई," त्या म्हणाल्या. "यांचं यांच्याजवळच आहे. तुझ्यातलं कोपऱ्यावर केस कापतंय."