मराठी सात

मिलला तोटा झाल्याचं कळलं तो अठ्ठावन्न सालच्या फेब्रुवारीतला एक मंगळवार होता. सकाळपाळीचे लोक डबे घेऊन गेले ते गेटवरूनच माघारी फिरले. गेटवर नोटीस डकवली होती. रामजीच्या चाळीतल्या दौलतने ती मोठ्याने वाचली. सरकारने कापडावरची डूटी वाढवली, दिवाळीपासून माल उठत नाही, गुदामात आठशे गाठी पडून आहेत, तोटा सोसवत नाही, सबब मिल बेमुदत बंद.

"बघितलंस, रामज्या?" दौलत म्हणाला. "महाराष्ट्र मागता काय, मग घ्या! दिल्लीने नेम धरून आपल्या पोटावर पाय दिलाय."

रामजी घागचं लक्ष दिल्लीकडे नव्हतं. त्याचं डोकं आठशेच्या आकड्यावर अडलं होतं. कापडाची गाठ गोणपाटात शिवून, लोखंडी पट्ट्या मारून गुदामात आली की तिच्यावर काळ्या शाईने नंबर रंगवायचा, हे त्याचं अकरा वर्षांचं काम. शनिवारी त्याने गुदाम पाहिलं होतं. तीनशेच्या वर गाठी निघाल्या असत्या तर त्याने नाव बदललं असतं.

तसा त्याचा आता कुणावरच भरवसा उरला नव्हता. श्रावणात त्याची बायको चंपा तापाने गेली. डॉक्टर म्हणाला, साधा ताप आहे. शेजारीण म्हणाली, उद्या उठून चहा करेल बघा. पाचव्या दिवशी चंपा गेली. तेव्हापासून कुणी "काळजी करू नको" म्हटलं की रामजी आधी त्या माणसाचं तोंड निरखून बघायचा.

तीन आठवडे डिलाईल रोडच्या चाळीत दुसरा विषय नव्हता. पेपरात मंत्री म्हणाले, मालक साठेबाजी करतात. मालक म्हणाले, सरकारच्या डूटीने धंदा बुडाला. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेत वक्ते म्हणाले, मुंबई मोडायचा हा डाव आहे. रामजीला वाटायचं, तिघेही थोडंथोडं खरं बोलतायत, आणि राहिलेलं तिघांनी मिळून दाबलंय.

मग एके दिवशी गुदामाचे हेडक्लार्क तात्या स्वतः चाळीचा जिना चढून आले. पूर्वी ते कधी फिरकले नव्हते.

"रामजी, परवा सरकारची कमिटी येतेय. साठा खरा ठरला तर डूटीत सूट मिळेल, मिल चालू होईल. तू नंबर वाचून दाखवायचे, बस्स. काळजी करू नको."

रामजीने त्यांचं तोंड निरखलं. तात्या कठड्याबाहेर बघत होते.

ते गेल्यावर दौलत म्हणाला, "वाच की रे! तुझ्या बापाचं काय जातंय? डूटी उतरली की दिल्ली वाकली म्हणून आपणच सभा घेऊ."

"आणि गाठी नसल्या तर?"

"नसल्या तर शेठ कमिटी बोलवायला वेडा आहे?"

"तो वेडा नाही, म्हणूनच विचारतोय."

"तुला ना, कुणी प्रसाद दिला तरी तू हुंगून बघशील," दौलत म्हणाला आणि हसला. त्याच्या घरात दोन दिवस नुसत्या पेजेवर चाललं होतं. रामजीला ते ठाऊक होतं.

कमिटीच्या दिवशी गुदाम आढ्यापर्यंत भरलेलं होतं. रामजी शिडीवर चढला आणि नंबर वाचू लागला. खाली कमिटीचे साहेब ऐकत होते, त्यांचा कारकून लिहून घेत होता. पहिल्या रांगेतले आकडे रामजीच्या हातचे होते. दुसऱ्या रांगेतले नव्हते. शाई ताजी, वळण परकं. चौथ्या गाठीवर इंग्रजी सात होता आणि त्याच्याखालून पुसट, जुना मराठी ७ दिसत होता.

तो शिडीवरच थांबला.

चंपाच्या सुतकात तेरा दिवस त्याच्या जागी शिवा नावाचा बदली कामगार होता. शिवाला इंग्रजी आकडे येत, पण सात आला की त्याचा हात मराठी वळणावर जायचा. "शिवा, गाठीवर संयुक्त महाराष्ट्र आणलास का रे?" म्हणून तात्यांनी त्याची टर उडवली होती. तेराव्यानंतर रामजी ते सात दुरुस्त करायला कुंचला घेऊन गेला, तर गाठी लॉऱ्यांतून गेलेल्या. "विकल्या," तात्या तेव्हा म्हणाले होते. "गिऱ्हाइकाला कापडाशी काम, आकड्याशी नाही."

श्रावणात विकलेल्या गाठी दिवाळीनंतरचा पडून राहिलेला माल म्हणून समोर उभ्या होत्या.

"का थांबलात?" साहेबांनी विचारलं.

तात्या शिडीजवळ आले आणि हळूच म्हणाले, "पुढचा वाच. बाराशे घरांचा प्रश्न आहे."

रामजीला दौलतच्या घरची पेज आठवली. पण पुढचा आकडा त्याच्या तोंडून निघेना. "साहेब, ह्या गाठी श्रावणात विकल्या होत्या," तो म्हणाला, आणि शिडीवरूनच सगळं सांगून टाकलं.

तात्या गडबडले नाहीत. "दलालाकडे माल उठला नाही, त्याने परत केला, तो मागच्या गुदामात होता. परत आलेल्या गाठीला नवा नंबर लागतो. हा अकरा वर्षं इथे आहे, त्याला माहीत आहे."

ते खरं होतं. तसा नियम होता.

"मग परत कधी आल्या त्याची गेटबुकात नोंद असेल," साहेब म्हणाले. "आणा."

"गेटबुक फोर्टात, हेडऑफिसात आहे."

"आठ दिवसांत पाठवा," साहेब म्हणाले, आणि तपासणी तिथेच थांबली.

संध्याकाळपर्यंत चाळीत बातमी पोचली. दौलत दारातच उभा होता.

"झालं समाधान? तू कुणाचा रे? सरकारचा? नाही, तसं सांग, म्हणजे आम्ही नमस्कार करू!"

"गाठी खरंच परत आल्या असतील तर मी चुकलो, दौलत. पण बघायला तर पाहिजे."

"तू बघ. मी पोरांना काय दाखवू?"

त्यानंतर दौलत त्याच्याशी बोलला नाही. मंत्र्यांनी भाषणात सांगितलं, मालकांचं पितळ कामगारानेच उघडं पाडलं. मालकांनी छापून आणलं, कामगाराला फितवलं. समितीच्या सभेत एकजण म्हणाला, दिल्लीला वाचवायला माणूस उभा केला. तिघांच्याही तोंडी रामजीच्या गाठी होत्या.

गेटबुक बघायला रामजी दोनदा फोर्टात जाऊन आला. पहिल्यांदा पहारेकऱ्याने चिठ्ठी मागितली. दुसऱ्यांदा त्याने कमिटीच्या साहेबांचं नाव सांगितलं, तर आतून निरोप आला की साहेबांची बदली झाली. परतताना तो सबंध वाट चालत आला. तात्या खरं बोलले असतील का, ह्याचा विचार करत राहिला. बोलले असतील तर बाराशे घरांच्या चुली त्याच्यामुळे थंड होत्या.

एप्रिल संपत आला आहे. मिल बंदच आहे. गेटबुक कमिटीपुढे आलेलं नाही, आणि ते आणायला रामजीखेरीज कुणी गेलेलंही नाही.