एका वाक्याचे दोन वाचक

माझा तो लेख बारा वर्षांत कुणी म्हणजे कुणी वाचला नव्हता. बढतीचे गुण मिळावेत म्हणून मीच तो विद्यापीठाच्या वेबसाइटवर चढवला, गुण मिळाले, विषय संपला. विद्यार्थी सातासमुद्रापलीकडच्या विद्वानांचे दाखले देतात. समोर उभ्या असलेल्या, आपल्याच सालातिगा शहरातल्या बाईनं कधी काही लिहिलंय का, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही. शेवटी वाचला कुणी? सरकारी वकिलानं! तोही ओळीखाली लाल रेघ मारून.

आधी कार्सिनाहचं सांगते. ही बाजारात टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळून विकते. तिची सून बाळंतपणाला गेली तेव्हा दवाखान्यानं तिला चार तास बाकावर बसवून ठेवलं आणि मूल दगावलं. कार्सिनाहनं गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, ‘त्या दवाखान्याची पायरी चढू नका, तिथं माणसाला किंमत नाही.’ ग्रुपात एकशे सेहेचाळीस माणसं. मालकानं बदनामीचा खटला भरला. ग्रुप म्हणजे सार्वजनिक जागा असं ठरलं तर ती दोन वर्षं आत जाणार, आपसातलं बोलणं ठरलं तर सुटणार. सगळं घोडं एवढ्यावरच अडलेलं.

इंटरनेटवरचे हक्क आणि बोलण्याचं स्वातंत्र्य हाच माझा विषय, म्हणून तिचा वकील हेंद्रो मला तज्ज्ञ साक्षीदार व्हा म्हणून विनवायला आला. मी हो म्हटलं. डीन म्हणाले, “जा की, बू रेत्नानिंग. फक्त विद्यापीठाचं नाव घेऊ नका.” आमच्याकडे आदरानं बाईला ‘बू’ म्हणतात आणि पुरुषाला ‘पाक’. त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर कुणी बसेना. बरं झालं, पिशवी ठेवायला जागा झाली, असं मी म्हणायची. खोटं होतं ते. फार लागलं होतं मला.

घरी तरी कोण होतं? नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. दर शुक्रवारी कार्सिनाह केळीच्या पानात टेम्पे बांधून आणायची आणि स्वयंपाकघरात ठाण मांडायची.

“बू, एवढ्या घरात एकट्या कंटाळत नाही होय?”

“पुस्तकं आहेत की सोबतीला.”

“पुस्तकं काय चहा विचारतात?”

मी तिच्यावर डाफरायची, आणि गुरुवारपासूनच तिची वाट बघायची.

साक्षीच्या दिवशी कारकुनानं मागं उभं राहून माझ्या डोक्यावर कुराण धरलं आणि मी शपथ घेतली. मग सरकारी वकील पाक विबिसोनो उठले. हातात कागद.

“बू, हे वाक्य तुमचंच ना? ‘शंभर माणसं जिथं ऐकतात ते घर नव्हे, तो चौक.’”

हेंद्रोला मी या लेखाबद्दल सांगितलंच नव्हतं. कुणी वाचत नाही ते काय सांगायचं!

ते वाक्य मी वुलानसाठी लिहिलं होतं. माझी विद्यार्थिनी. दीडशे पोरांच्या ग्रुपात तिचे फोटो फिरवले, घाण घाण लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, “आपसातली थट्टा आहे, बाऊ करू नका.” मी चिडून तो लेख लिहिला. वुलान शिक्षण सोडून गेली. छापील प्रत मी तिच्या घरी पोस्टानं धाडली होती, पण पोच आली नाही.

“संदर्भ बघावा लागेल,” मी सुरू केलं. “तिथं दुबळीला घेरलं होतं, इथं दुबळी ओरडली आहे...”

“बू, हा तुमचा वर्ग नाही,” न्यायाधीश म्हणाले. “माणसं मोजून चौक ठरतो, हे तुमचं वाक्य बरोबर की चूक?”

आमच्या धंद्यात आम्ही जन्मभर ‘एका अर्थी’ आणि ‘काही अंशी’ यांवर भागवतो. पण शपथ घेतली होती. समोर कार्सिनाह बसली होती, तेलानं पोळलेले हात मांडीवर ठेवून. तिला आमचं बोलणं कळत नव्हतं, ती नुसती माझ्याकडे बघत होती.

“चूक,” मी म्हणाले. “रागात लिहिलं होतं.”

“म्हणजे बारा वर्षं चुकीचं शिकवलंत?” पाक विबिसोनोंनी विचारलं.

“हो.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

तीन आठवड्यांनी कार्सिनाह सुटली. पेपरात मथळा आला, ‘प्राध्यापिकेची कबुली: माझंच चुकलं’. स्टाफरूममध्ये तो पेपर कुणीतरी माझ्या टेबलावर, मला दिसेल असा, उघडून ठेवला होता.

आणि शुक्रवारी सकाळी अनोळखी नंबरावरून मेसेज आला.

‘बू, मी वुलान. बातमी वाचली. तुमचा लेख माझ्या कपाटात आहे. सगळे म्हणायचे मी उगाच बाऊ केला, एकटं ते पान म्हणायचं, ‘नाही, उगाच नव्हे.’ वाईट दिवसांत ते काढून वाचायची. म्हणजे ते पण चूकच होतं ना?’

मी खाली बसले. मग लिहायला घेतलं. कायदा, संदर्भ, दोन खटल्यांतला फरक, चांगले चार परिच्छेद झाले. वाचून माझीच मला लाज वाटली. सगळं पुसलं आणि लिहिलं, ‘तुझ्या बाबतीत ते खरं होतं गं. आजही आहे.’ पाठवलं. एकच टिक आली, पोचल्याची दुसरी नाही.

तेवढ्यात कार्सिनाह आली, पानाची पुडी घेऊन, उड्या मारायची तेवढी बाकी.

“बू, आज तरी हसा! तुमच्या एका शब्दानं सुटले मी. चेहरा का असा? कुणाची वाट बघताय?”

“एका वाचणारीची.”

“येईल की. तोवर खा गरम गरम.”

तिनं चहा टाकला, जावयाच्या, कोंबड्यांच्या गोष्टी सांगितल्या, दुपारी उठून गेली. मी त्या नंबरावर फोन लावून पाहिला. लागला नाही. वुलाननं नंबर बंद केला होता, की फक्त माझ्यासाठी, ते कळायला मार्ग नाही.

आज त्याला चार महिने झाले. टिक अजून एकच आहे.