आप्पांची भूमिका

शनिवारी दुपारी निपाणीत माझ्या घरी आप्पांनी आणि मी एकाच नाटकावरचे दोन चित्रपट लागोपाठ पाहिले. मला कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी दोन्हींची तुलना लिहायची होती. आप्पांना ते नाटक तोंडपाठ होतं. एरवी फाउंड्रीत फिटर असलेल्या माझ्या वडिलांनी आमच्या गावी, सांबऱ्याच्या जत्रेत अकरा वर्षं त्यातली नायिका केली होती.

जुन्या, कृष्णधवल चित्रपटात ती विष पिते, पेला हळूच खाली ठेवते आणि भिंतीकडे तोंड करते. संपलं. नव्यात ती पेला भिरकावते, काच सावकाश फुटते आणि पाच मिनिटांचं गाणं सुरू होतं. मरेपर्यंत ओठांचा रंग हलत नाही.

“शी! त्या काचा कुणी झाडायच्या, हिच्या बानं?” आप्पा म्हणाले. “मरतीया का फोटू काढून घेतीया, पूर्णे?”

मी हसले.

“मी कसा मरायचो ते लिव्हशील काय गं?”

“बघू, आप्पा.”

लग्न ठरताना मी सासरी सांगितलं होतं, आप्पा नाटकात सेनापती करायचे. बाप लुगडं नेसायचा हे सांगायची लाज वाटली होती. आप्पांना ते कळलं. सासरी विषय निघाला की तेही मुकाट्यानं मान डोलवायचे.

सोमवारी सकाळी चहा घेता घेता ते गेले.

तेराव्याला, सांबऱ्यात, जेवणं झाल्यावर चुलतभाऊ ओमकारनं सोप्यात पडदा लावला. नव्या चित्रपटातलं तेच मरणाचं गाणं, आणि त्यावर सरकणारे आप्पांचे फोटो. फेट्यातला. फाउंड्रीतल्या सत्काराचा. एकात तर त्या चित्रपटातल्या सेनापतीच्या पिळदार धडावर आप्पांचं तोंड चिकटवलेलं. लुगड्यातला एकही नव्हता. लोक एका हातानं लाडू खात होते, दुसऱ्या हातानं डोळे पुसत होते. मी हातातला लाडू परत ताटात ठेवला.

“लई भारी केलंस रं,” आप्पांचे जुने सोबती भावकूकाका ओमकारला म्हणाले. मग माझ्या सासऱ्यांकडे वळले. “आण्णाप्पा सेनापती हून हुबा ऱ्हायला की समदी जत्रा गप व्हायची बघा.”

अकरा वर्षं सेनापती खुद्द भावकूकाकांनी केला होता. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून म्हाताऱ्यानं आपली भूमिका देऊन टाकली, आणि सासऱ्यांनी कौतुकानं मान हलवली. त्या गाण्यापेक्षा मला माझीच किळस आली.

“ओमकार, बंद कर ते.”

“का गं, आक्का? लोक रडाय लागल्यात की.”

“बंद कर.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. काकांनी डोळ्यांनी खुणावलं, नको. मी सासऱ्यांकडे वळले.

“आप्पा सेनापती नव्हते, मामा. लुगडं नेसून नायिका करायचे. मला लाज वाटली म्हणून मी तुम्हाला खोटं सांगितलं. लहानपणी मी पुढच्या रांगेत बसून बघितलंय. या सगळ्या नट्यांपेक्षा माझा बाप चांगला मरायचा.”