माझी रिकामी ओळ

मी एक जुना अमूर्त वर्ग आहे. मित्रांनो, वर्ग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे बाकं आणि फळा आला असेल, तर तो आधी पुसून टाका. मी संगणकाच्या प्रोग्राममधला वर्ग, म्हणजे एखादी वस्तू कशी असावी, कशी वागावी याचा लिहून ठेवलेला नमुना. त्यातही अमूर्त, म्हणजे माझ्यावरून थेट काहीच बनत नाही. आधी माझी लेकरं, म्हणजे उपवर्ग लिहायचे, मग त्यांच्यावरून खरं काम करणारी वस्तू बनते. माझं नाव 'इशारा'.

मला लिहिलं दुर्बीणताईंनी. चूक कुठेही दडली तरी त्यांना दिसायची, म्हणून ऑफिसनं ठेवलेलं हे नाव. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या असतात ना, त्यांचा प्रोग्राम त्या लिहीत होत्या. मोजमाप घ्यायचं, मर्यादेशी ताडून बघायचं, धोका दिसला की 'वाजव' अशी हाक द्यायची, हे सगळ्या लेकरांना सारखंच. ते त्यांनी माझ्यातच लिहिलं. पण 'वाजव' म्हणजे नक्की काय करायचं, ती ओळ मात्र मुद्दाम रिकामी सोडली. नुसतं नाव, पुढे काही नाही.

"ऊब वाढली तर हीटर बंद करून भोंगा वाजवायचा. वीज गेली तर आधी बॅटरी चालू करायची. प्रत्येकाचं वेगळं, ज्याचं त्यानं लिहावं," त्या म्हणाल्या.

"आणि कुणी विसरलं तर?" शेजारच्या टेबलावरून मिशीवाल्या साहेबांनी विचारलं.

"तर प्रोग्राम तयारच होणार नाही. लाल अक्षरांत बोंब मारेल."

हाच माझा धाक होता. थोरला ऊब सांभाळायचा, धाकटी वीज. डॉक्टर म्हणायचे, या पेट्या कधी दगा देत नाहीत. कौतुक लेकरांचं व्हायचं, माझं नावही कुणाला ठाऊक नव्हतं, पण खरं सांगतो, मी आतून फुशारून जायचो.

मग दुर्बीणताईंची दुसऱ्या इमारतीत बदली झाली. नव्या पेट्या आल्या. त्यांत जुन्या तापमापीच्या जागी बाळाच्या त्वचेला चिकटवायची तार होती. साहेबांनी तिच्यासाठी नवा उपवर्ग लिहिला आणि 'वाजव' लिहायचं राहून गेलं. पेट्या न्यायला गाडी दारात उभी होती, आणि पडद्यावर लाल अक्षरं.

"काय कटकट आहे ही! थांब, तुझंच तोंड बंद करतो," असं म्हणून त्यांनी मला उघडलं. माझ्या रिकाम्या ओळीपुढे दोन महिरपी कंस टाकले, मध्ये काहीच नाही. "राहू दे सध्या. नंतर भरू."

लाल अक्षरं गेली. आता मला काहीही न करण्याचा हुकूम होता. ते 'नंतर' काही उजाडलं नाही.

दोन वर्षांनी एका दुपारी एका दवाखान्यात नव्या पेटीचा हीटर बंदच होईना. पेटीत दीड किलोची मुलगी होती. तारेवर तिची ऊब सदतीस पूर्णांक चार अंश. सदतीस पूर्णांक सहा. मर्यादा ओलांडली. मी हाक दिली, "वाजव!" हाक नेमाप्रमाणे आधी लेकराकडे गेली. त्याच्याकडे काही लिहिलेलंच नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे परत आली. माझ्याकडे होते ते दोन कंस. अडतीस. पुन्हा हाक. साडेअडतीस. दर सेकंदाला हाक येत होती आणि दर सेकंदाला मी 'झालं काम' म्हणून तिला परत पाठवत होतो. मित्रांनो, अजून लाज वाटते हो.

"सिस्टर, ही इतकी लाल का दिसतेय?" काचेला चिकटून उभी असलेली आई म्हणाली.

"मशीन काही बोललं नाही, म्हणजे ठीक असेल," सिस्टर म्हणाल्या. तरी त्यांनी पेटीच्या खिडकीतून हात आत घातला. "अगं बाई! भाजतेय ही!"

त्यांनी मुलीला झटकन बाहेर घेतलं. मुलगी वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बीणताईंना बोलावलं. त्यांनी मला उघडलं आणि त्यांची नजर थेट कंसांवर गेली.

"हे कुणी केलं?"

"मीच," साहेब खाली मान घालून म्हणाले. "एकाच वर्गाचा प्रश्न आहे हो. त्यात 'वाजव' लिहून टाकतो, मिटलं."

"हात लावू नका." ताईंनी माझे दोन्ही कंस पुसले आणि प्रोग्राम पुन्हा तयार करायला लावला.

एक नाही, सात ठिकाणी लाल अक्षरं उमटली. त्या दोन वर्षांत प्राणवायूचा, पाण्याचा, दार उघडं राहिल्याचा, असे कितीतरी इशारे वेगवेगळ्या माणसांनी लिहिले होते. विसरणाऱ्या प्रत्येकाला मी गुपचूप पाठीशी घातलं होतं.

ताईंनी पेट्या पुरवणाऱ्या विभागाला फोन लावला. "प्रत्येक पेटीपाशी माणूस उभा करा. इशाऱ्यावर विसंबू नका, बाळाला हात लावून बघा. आणि चालू पेट्या किती, ते सांगा."

पलीकडून उत्तर आलं, एकतीस.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. काम राहिलं असेल तर ते राहिलंय असं दिसू द्या. नुसती बोंब थांबावी म्हणून माझ्यात काहीबाही भरू नका. मला रिकामं ठेवा, मी ओरडेन. आत्ता माणसं एकतीस पेट्यांकडे धावत निघाली आहेत, आणि त्यांच्याआधी तिथे वाजायचं काम माझ्या लेकरांचं होतं.