प्राध्यापकाचा आवाज

“परत,” दिग्दर्शकाने बटण दाबून माइकमध्ये सांगितलं.

काचेपलीकडच्या बंद खोलीत म्हाताऱ्याने हेडफोन नीट केला. समोरच्या पडद्यावर तोच प्रसंग पुन्हा सुरू झाला. भरलेला वर्ग, फळ्यापाशी प्राध्यापक, त्याच्यासमोर उभा विद्यार्थी. विद्यार्थी ताठ मानेने म्हणतो, “आहे, सर. माझा देव आहे.” प्राध्यापक खडू खाली ठेवतो आणि म्हणतो, “मी चुकलो.” तिथे चित्रपट संपतो. नटाचा आवाज किरटा म्हणून प्राध्यापकाचं बोलणं ह्या म्हाताऱ्याकडून करून घेतलं जात होतं.

“मी चुकलो,” म्हातारा नवव्यांदा म्हणाला.

“टेक चांगला होता की,” रेकॉर्डिस्ट पुटपुटला. “ओठसुद्धा चपखल बसले.”

“जीव नाही त्यात. परत.”

जीव कशाला हवा होता! नाक घासलेलं हवं होतं. नटाचा आवाज किरटा ही तर शुद्ध थाप होती. दिग्दर्शक चार महिने ह्याच आवाजाच्या मागावर होता, आणि निवृत्तीनंतर म्हातारा जाहिरातींना आवाज देतो हे कळलं त्या दिवशी त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं.

बावीस वर्षांपूर्वी, कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात, ह्या आवाजाने वर्गाला फर्मावलं होतं, देव मानणाऱ्यांनी हात वर करा. साठ जणांत एकट्या दिग्दर्शकानेच केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सरांनी त्याला पुढे बोलावलं आणि तीनदा विचारलं, “तुझा देव आहे?” तिसऱ्यांदा विचारताना ते स्वतःच हसले, मग अख्खा वर्ग खिदळला. घरून निघताना आईने एकच गोष्ट बजावली होती, देवाला विसरू नकोस. तो “नाही, सर,” म्हणाला आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसला. आई जाईपर्यंत तिला हे त्याने कधी सांगितलं नाही.

चित्रपट देवासाठी काढतोय, असं तो सगळ्यांना सांगत असे. नाव देवाचं होतं. उट्टं मात्र ह्या माणसावर काढायचं होतं.

दहावा झाला, अकरावा झाला. म्हातारा पाण्याचा घोट घेई आणि न कुरकुरता पुन्हा म्हणे, “मी चुकलो.” आवाज अजून तसाच, खणखणीत. सुंभ जळला तरी पीळ काही जळला नव्हता.

बाराव्याच्या आधी त्याने हेडफोन काढून ठेवला.

“ह्याने माझं कानातलं यंत्र शिट्टी मारतंय. इथल्या स्पीकरवर ऐकतो मी. विद्यार्थ्याचं वाक्य तिकडून तूच बोल ना.”

“मी?”

“तुझंच आहे ना ते? कागद वाचला तेव्हाच ओळखलं मी.”

रेकॉर्डिस्ट आळीपाळीने दोघांकडे बघू लागला.

“मग आलात कशाला?” दिग्दर्शकाने विचारलं.

“तू बोलावलंस म्हणून.”

चित्र सुरू झालं. हे एक वाक्य दिग्दर्शकाने सात वेळा घोटून लिहिलं होतं. झोपेतून उठवलं असतं तरी त्याने ते म्हटलं असतं. पडद्यावरच्या विद्यार्थ्याने तोंड उघडलं. म्हातारा पडद्याकडे बघत नव्हता. काचेतून सरळ ह्याच्याकडे बघत होता.

“नाही, सर,” दिग्दर्शक म्हणाला.

रेकॉर्डिस्टने थांबवायला हात पुढे केला, पण पलीकडे म्हाताऱ्याने तोंड उघडलंच होतं.

“मी चुकलो,” तो म्हणाला. आणि मग, जरा थांबून, “मी हसायला नको होतं.”

ह्या खेपेला कोणी “परत” म्हणालं नाही. म्हाताऱ्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने उगाच पुसत बसला. रेकॉर्डिस्टने टेक मागे नेऊन एकदा ऐकला, पुन्हा ऐकला आणि डोकं खाजवलं.

“आवाज सोन्यासारखा आलाय. पण नटाचे ओठ पहिल्या वाक्यालाच मिटतात. दुसरं कुठं बसवू?”

“कुठंच बसायचं नाही ते,” दिग्दर्शक म्हणाला. “पण पुसू नकोस.”